शेळ्या कोणी मारल्या?

धुळ्याहून सुरतेच्या महामार्गाने साक्रीकडे निघाले की तासाभरात मुलूख बदलतो. पांझरेकाठची कपाशी, मका आणि कांद्याचे वाफे मागे पडतात. दोन्ही बाजूंना वाळलेले पिवळे गवत, मधूनच उघडा काळा खडक, आणि दूर टेकड्यांवर पवनचक्क्यांच्या ओळीच्या ओळी. ब्राह्मणवेलच्या बाजूला या पवनचक्क्या इतक्या दाट आहेत की आमच्या गाडीतल्या एका सहकाऱ्याने मोजायला सुरुवात करून लगेच सोडूनही दिली. पवनचक्क्यांच्या पायाशी मेंढ्या चरत होत्या. वीज नवी, धंदा जुना. खानदेश हा मूळचा गुराढोरांचाच मुलूख. अशीरगड ज्याच्या नावाने ओळखला जातो तो आसा अहीर हजारो गाई-म्हशींचा धनी होता असे जुने इतिहासकार लिहितात. फारुकी सुलतानांनी तो किल्ला त्याच्याचकडून घेतला आणि पुढे दोनशे वर्षे खानदेशावर राज्य केले. आमच्या अहिराणी बोलीचे नावही याच गुराख्यांवरून पडले आहे.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघे शिक्षक एका जुन्या ओम्नीतून निघालो ते एक प्रश्न घेऊन. गेली काही वर्षे आमच्या भागात एकच बातमी पुन्हा पुन्हा कानावर येते: रानकुत्र्यांनी अमक्या गावात आठ शेळ्या मारल्या, तमक्या वस्तीत पंधरा मेंढ्या पाडल्या. मग दोन दिवस गावात संताप, रात्री काठ्या आणि बॅटऱ्या घेऊन पोरांची टोळी बाहेर, कुठे कोणाची जुनी भरमार बंदूक, कुठे विष. वर्गातली मुले गैरहजर राहतात, कारण घरातल्या शेळ्यांची राखण त्यांच्याकडे आलेली असते. मुस्लिम वस्त्यांमध्ये याची झळ अंमळ जास्तच. ज्याच्याकडे शेती नाही, हातगाडी किंवा मजुरीवर घर चालते, त्याच्या बायकोच्या हाताशी दोन-चार शेळ्या म्हणजे बँक असते. बकरी ईदला एक बोकड विकला की मुलाची वर्षाची फी निघते. ही बँक एका रात्रीत फुटते. म्हणून ही रानकुत्री नेमकी कोणती आणि त्यांची शिकार करून काही साधते का, हे पाहायचे आम्ही ठरवले.

साक्रीच्या पुढे, पिंपळनेरच्या वाटेवर, एका माळावर ठेलारी धनगरांचा वाडा उतरला होता. वाडा म्हणजे घर नव्हे, एकत्र फिरणाऱ्या काही कुटुंबांचा तांडा. पावसाळा सरला की हे लोक मेंढ्या घेऊन निघतात ते पुढच्या पावसापर्यंत, कधी तापीकाठी, कधी गुजरातेत, कधी निमाडात. शेतकरी त्यांना रिकाम्या शेतात मेंढ्या बसवायला बोलावतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतात. आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य मावळत होता आणि बाया मेंढ्यांभोवती वाघर लावत होत्या. वाघर म्हणजे दोरीची जाळी, खुंट्यांवर ताणून बांधलेली. तिच्या चार कोपऱ्यांवर चार कुत्री आपण होऊन जाऊन बसली. कोणी त्यांना हाक मारली नाही.

म्हाताऱ्या बाबांना आम्ही विचारले, "बाबा, लांडग्याचा त्रास आहे का?"

ते हसले. "लांडगा एक उचली लई जास भाऊ. तो त्याना वाटा शे. पन ह्या गावना कुत्रा दहा पाडतस आनि एक बी खातस नही."

लांडग्याचा वाटा! आम्ही एकमेकांकडे पाहिले. ज्याच्या मेंढ्या जातात तोच माणूस हे म्हणत होता. आम्हाला वाटले, त्यांनी ते सहज म्हटले असेल. पण पुढच्या तासाभरात कळले की हा त्यांचा हिशेब पक्का आहे. वर्षाला दोन-चार कोकरे लांडग्याला जाणारच, हे त्यांनी धरलेले असते. लांडगा अशक्त, मागे पडलेले जनावर नेतो. तो माळावर फिरतो म्हणून हरणे आणि रानडुकरे पिकाला कमी लागतात, असेही बाबांनी सांगितले. शहरातले अभ्यासक आता याच गोष्टी कागदावर मांडू लागले आहेत. पुण्याच्या परिसरातल्या गवताळ माळांवर लांडग्यांचा अभ्यास चालू आहे, आणि तिथेच एक काळजीची गोष्ट २०२३ साली शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली: लांडगा आणि गावठी कुत्रा यांचा संकर झाल्याचा जनुकीय पुरावा मिळाला. म्हणजे कुत्री माळावरच्या शेळ्या तर मारतातच, लांडग्याच्या वंशातही शिरू लागली आहेत.

बाबांनी आम्हाला जखमा वाचायला शिकवले. जनावर कोणी मारले हे ओळखायचे असेल तर, ते म्हणाले, आधी गळा पाहा आणि मग मागचे पाय पाहा. बिबट्या गळा धरतो. चार दातांच्या खोल खुणा दिसतात आणि जनावर ओढून नेल्याचा माग सापडतो. लांडगाही गळ्याला जातो, पण त्याला घाई असते. तो एक उचलून पळतो. गावची कुत्री मात्र पाठलाग करतात. त्यामुळे मांड्या, शेपूट, कान, कास फाटलेली, पाच-सहा जनावरे अर्धमेली, आणि खाल्लेले जवळजवळ काहीच नाही. त्यांना भूक नसते, पळणारे जनावर दिसले की ती चेकाळतात. एकटा कुत्रा गावात कोणाच्या पायात पायात करतो. तोच रात्री आठजणांच्या टोळीत असला की वेगळा असतो.

आणि खरा रानकुत्रा? तो वेगळाच प्राणी आहे, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊकच नाही. मराठीत त्याला कोळसुंदा किंवा कोळसुना म्हणतात, इंग्रजी पुस्तकांत ढोल. तांबूस अंग, टोकाला काळी झुपकेदार शेपटी, गोल कान. तो भुंकत नाही, शीळ घालतो. दाट जंगलात दिवसाउजेडी टोळीने शिकार करतो. चितळ, सांबर, रानडुक्कर हे त्याचे खाणे. शिकार झाली की टोळीतली पिल्ले आधी खातात, मोठे नंतर. माणसाच्या वाटेला तो जात नाही. सातपुड्याच्या रांगेत पूर्वेला मेळघाटात तो आजही आहे. किपलिंगच्या जंगलकथांमध्ये दख्खनच्या लाल कुत्र्यांची जी टोळी येते ती याचीच. त्या गोष्टीने त्याचे नाव जगभर बदनाम केले. इंग्रजी अमदानीत त्याच्या डोक्यावर सरकारी इनाम होते. शिकारी साहेबांना तो आवडत नसे, कारण ज्या हरणांची शिकार त्यांना करायची असे ती हा आधी खाई. खानदेशात त्या काळी शिकारीचे वेड किती होते ते जेम्स आउट्रम या अधिकाऱ्याच्या नोंदींवरून कळते. १८२५ साली धरणगावी भिल्ल पलटण उभी करणाऱ्या या माणसाने दहा वर्षांत दीडशेहून अधिक वाघांच्या शिकारीत भाग घेतला. आज यावल अभयारण्यात वाघ दिसला तर ती वर्तमानपत्रात पहिल्या पानाची बातमी होते.

कोळसुंद्याचे सगळ्या जगात मिळून फार थोडे प्राणी उरले आहेत. २००४ पासून तो धोक्यातल्या प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. तेव्हा आपण "रानकुत्री" हा एकच शब्द तीन प्राण्यांना वापरतो आणि सगळा घोळ इथूनच होतो. गुन्हा करतो गावचा मोकाट कुत्रा, नाव येते लांडग्याचे किंवा कोळसुंद्याचे, आणि मरतो जो सापडेल तो.

हे ऐकताना आम्हाला सूरह यूसुफ आठवली नसती तर नवल. हजरत यूसुफ (अ.) यांच्या भावांनी त्यांना विहिरीत टाकले आणि वडिलांपुढे खोट्या रक्ताने माखलेला सदरा आणून म्हटले की लांडग्याने खाल्ले. हजरत याकूब (अ.) यांना ते पटले नाही. मुफस्सिरांनी लिहिले आहे की सदऱ्याला रक्त होते, पण तो फाटलेला नव्हता; असा कसा लांडगा, जो माणूस खातो आणि कपडा शाबूत ठेवतो? त्या पुराव्याकडे पाहण्याची जी नजर होती, ती आपल्या पंचनाम्यांमध्येही यायला हवी असे आमचे मत झाले.

साक्रीहून परत धुळे, मग अमळनेर, आणि तापी ओलांडून चोपडा. तापीच्या पुलावर गाडी थांबवून चहा घेतला. नदीच्या त्या बाजूला खानदेश पुन्हा बदलतो: केळीच्या बागा सुरू होतात, हवेत ओल येते आणि उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत सोबत चालू लागते. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने यावल, मग फैजपूर. १९३६ साली खेड्यात भरलेले काँग्रेसचे पहिले अधिवेशन इथलेच. भरिताचे दिवस नुकतेच सुरू झाले होते. एका ओट्यावर कळण्याची भाकरी, भरीत आणि हिरव्या मिरचीचा ठेचा मिळाला. त्याबद्दल लिहीत बसलो तर शेळ्या राहून जातील.

सातपुड्याच्या पायथ्याला यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत तडवी भिल्लांची गावे आहेत. महाराष्ट्रातल्या बऱ्याच मुस्लिम वाचकांना हे माहीत नसते की आपल्यातच एक आदिवासी समाज असा आहे. औरंगजेबाच्या काळात पूर्वजांनी इस्लाम स्वीकारला अशी त्यांची परंपरा सांगते. निकाह, दफन, रोजे आपल्यासारखे. जंगलाचे ज्ञान, बोली आणि कितीतरी चालीरीती भिल्लांच्या. आम्ही ज्या वस्तीवर गेलो तिथे मशीद लहानशी, पत्र्याची. पण जुम्याला सगळी वस्ती तिच्यात मावते.

तिथल्या एका घरी महिन्यापूर्वी पाच शेळ्या गेल्या होत्या. घरातल्या खालांनी आम्हाला गोठा दाखवला. कुडाच्या भिंती, खालून एका जागी माती उकरलेली. "फजरला उठले तर आवाज नाही," त्या म्हणाल्या. "रोज मला पाहून ओरडायच्या. त्या दिवशी एक पण ओरडली नाही." पुढच्या ईदसाठी राखलेले दोन बोकड त्यांत होते. एक पाठ जिवंत सापडली, मांडी फाटलेली. घरधनी चाचांनी तिला जिबह करायचे की नाही हे विचारायला इमाम साहेबांकडे मुलाला पळवले.

हा प्रश्न अनेक घरांत पडतो, म्हणून थोडे थांबून लिहितो. कुरआनच्या सूरह माइदामध्ये हिंस्र प्राण्याने खाल्लेले जनावर हराम ठरवले आहे, मात्र जीव असताना जे जिबह केले गेले ते त्यातून वगळले आहे. इमाम साहेबांनी तेच सांगितले. पण पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर येऊन म्हणाले, "चाचा, हलाल आहे हे खरे. पण चावणारा कुत्रा पिसाळलेला असेल तर? हे मांस हाताळणाऱ्यालाही धोका. पुरून टाका." चाचांनी पुरले. पाच शेळ्यांपैकी एका शेळीचे मांसही घराला मिळाले नाही. ज्याने ती फाटलेली पाठ रात्रभर मांडीवर धरली होती, त्या मुलाला डॉक्टरांनी रेबीजच्या लसीसाठी पाठवले. कारण कुत्र्याची लाळ मुलाच्या हातावरच्या ओरखड्याला लागली असण्याची शक्यता होती. वाचक भगिनींनी हे घरात सांगून ठेवावे: कुत्रा चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली तर हळद, चुना, मिरची काही लावू नये; साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे जखम धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. सुया अर्ध्यावर सोडू नयेत. रेबीज एकदा अंगात दिसू लागला की इलाज जवळजवळ नसतोच.

भरपाईचे काय झाले, हे आम्ही विचारले. चाचा काही बोलले नाहीत, मुलगा बोलला. वन्यप्राण्याने जनावर मारले तर राज्य सरकार नुकसानभरपाई देते. वाघ, बिबट्या, लांडगा, तरस, रानकुत्रा म्हणजे कोळसुंदा, हे सगळे त्या यादीत आहेत. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे गाय, म्हैस, बैल गेल्यास बाजारभावाच्या पाऊणपट किंवा ७०,००० रुपये यांतले जे कमी असेल ते, आणि शेळी-मेंढीसाठी १५,००० रुपयांपर्यंत. त्यासाठी वनविभागाला ४८ तासांच्या आत कळवावे लागते आणि पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागचे हलवायचे नसते. पण गावच्या मोकाट कुत्र्याने शेळी मारली तर या योजनेत एक रुपयाही मिळत नाही. कारण कुत्रा वन्यप्राणी नाही.

म्हणूनच लांडग्याचे नाव येते. कोणी खोटारडा असतो असे नाही; घरात दुःख असते, आणि "कुत्रा" म्हटले की दार बंद होते हे सगळ्यांना माहीत असते. "आम्ही बिबट्या सांगितला असता तर?" मुलगा म्हणाला. चाचांनी त्याच्याकडे फक्त पाहिले. आम्हाला विचाराल तर दोष त्या पोराचा नाही, नियमातल्या या खिंडाराचा आहे. शेळी पाळणाऱ्याच्या दृष्टीने शेळी गेली ती गेली. मारणाऱ्याची जात कोणती यावर भरपाई का ठरावी? पंचायतीने मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त केला नाही तर नुकसानीचा काही भार पंचायतीवर का नसावा? हे प्रश्न ग्रामसभेत विचारता येतात आणि विचारायला हवेत.

त्या रात्री वस्तीतली पोरे शिकारीला निघाली होती. कोणी विष घातलेले मांस माळावर टाकले. दुसऱ्या दिवशी काय सापडले ते पोरांनीच सांगितले: दोन कावळे, एक कोल्हा, आणि शेजारच्या गावातल्या गुराख्याची राखणीची कुत्री. ज्या टोळीने शेळ्या मारल्या ती आठ दिवसांनी पुन्हा दिसली. गुराखी आजही या वस्तीतल्या लोकांशी बोलत नाही.

कायदाही या बाबतीत कडक आहे. लांडगा आणि कोळसुंदा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. मारल्यास वर्षानुवर्षांची कैद होऊ शकते. मोकाट कुत्र्यालाही विष घालून किंवा काठीने मारणे गुन्हाच आहे. त्यांच्यासाठी २०२३ चे नियम आहेत: पकडायचे, नसबंदी करायची, रेबीजची लस टोचायची आणि पुन्हा सोडायचे. हे काम स्थानिक संस्थांचे, म्हणजे नगरपालिकेचे आणि ग्रामपंचायतीचेही. शहरात ते जेमतेम होते, खेड्यात आम्ही जिथे जिथे विचारले तिथे लोकांना असा नियम असल्याचेच माहीत नव्हते. २०१९ च्या पशुगणनेत देशात एक कोटी त्रेपन्न लाख भटकी कुत्री मोजली गेली.

ती इतकी वाढली कशी? याचे एक उत्तर आकाशात आहे. आमच्या लहानपणी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की तासाभरात गिधाडे उतरत आणि दुपारपर्यंत हाडे उरत. नव्वदच्या दशकात ती दिसेनाशी झाली. जनावरांना दुखण्यावर दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या ढोरांतून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. शंभरातली पंचाण्णवहून अधिक गिधाडे गेली. २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, तोवर उशीर झाला होता. गिधाडांचा घास कुत्र्यांना मिळू लागला. गावाबाहेरच्या उकिरड्यावर मांसाची चव लागलेली, टोळीने राहायला शिकलेली कुत्री तिथे तयार होतात. यात आपल्या वस्त्यांचाही वाटा आहे हे लपवण्यात अर्थ नाही: ईदनंतर कातडी, आतडी नाल्यात टाकणारे आपल्यातही आहेत, कोंबडीच्या दुकानांचा कचराही त्याच नाल्यात जातो. खड्डा खणून पुरायला तासभर लागतो.

बाहेरच्या देशांतही हाच झगडा आहे. ऑस्ट्रेलियात डिंगो या रानकुत्र्यापासून मेंढ्या वाचवण्यासाठी पाच हजार किलोमीटरहून लांब कुंपण घातले आहे, जगातल्या सर्वात लांब कुंपणांपैकी ते एक. त्या वाळवंटात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी माल वाहणारे बरेच उंटवाले अफगाणिस्तान आणि बलुचिस्तानातून गेलेले मुसलमान होते. मारीसारख्या गावात त्यांनी मशीदही बांधली. भूतानने वेगळा मार्ग धरला. तिथे १९७०-८० च्या काळात गुरे मारतात म्हणून कोळसुंद्यांना विष घातले गेले. कोळसुंदे संपले आणि रानडुकरे इतकी माजली की पिके राखता राखता शेतकरी जेरीस आले. पुढे कोळसुंदे परतले. आमच्या यावल-रावेरच्या केळीत आणि मक्यात रानडुकरे किती शिरतात हे इथल्या कोणत्याही शेतकऱ्याला विचारा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पालला चढलो. रावेरहून वर घाट चढत जाणारा हा रस्ता, खाली सुकी नदीचे गारबर्डी धरण, दोन्ही बाजूंना साग आणि अंजन. यावल अभयारण्य १९६९ सालचे, सुमारे १७७ चौरस किलोमीटरचे. दिवाळीनंतरचे जंगल म्हणजे अर्धे हिरवे, अर्धे तांबडे. पालमध्ये उन्हात बसलेल्या एका वृद्ध गुराख्याशी गप्पा झाल्या. त्यांनी तरुणपणी कोळसुंदे पाहिले होते. "शीळ ऐकू आली की गाई आपोआप गोळा व्हायच्या," ते म्हणाले, "वासरे मध्ये, शिंगे बाहेर. आता त्या शिळेची गाईंनाही ओळख राहिली नसेल."

त्यांच्या पायाशी दोन कुत्री होती, अंगावर जुने व्रण. त्यांच्या गळ्यात पत्र्याचे खिळे मारलेले पट्टे होते. बिबट्या गळा धरायला गेला की ते टोचतात. आमच्या एका सहकाऱ्याने थोडे अंतर राखून विचारले, कारण कुत्र्याबाबत आपल्या घरांमध्ये जो संकोच असतो तो आमच्यातही आहे: "यांना घरात घेता का?"

"घरात कशाला? यांचे घर गोठ्याच्या दाराशी."

आपल्या दीनमध्ये हीच रेषा आहे. शौक म्हणून कुत्रा पाळणाऱ्याच्या नेकीतून रोज घट होते असे हदीसमध्ये आहे, पण शिकारीचा, शेताच्या राखणीचा आणि गुराढोरांच्या राखणीचा कुत्रा त्यातून वगळला आहे. मदिन्यात एके काळी कुत्री मारण्याचा हुकूम झाला होता आणि पुढे तो मागे घेण्यात आला, हेही हदीसच्या ग्रंथांत आहे. तहानेने जीभ बाहेर काढलेल्या कुत्र्याला विहिरीतले पाणी पाजणाऱ्याची मगफिरत झाल्याची गोष्ट तर आपली मुले मक्तबमध्येच ऐकतात. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी स्वतः मक्केत लोकांच्या शेळ्या-मेंढ्या चारल्या, त्यामुळे राखणीचे मोल आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायला नको.

मुस्लिम शेळीपालकांकडे राखणीचा कुत्रा क्वचितच दिसतो, ही गोष्ट आम्हाला या प्रवासात खटकली. ठेलाऱ्यांकडे चार, पालच्या गुराख्याकडे दोन, तडवी वस्तीवर एकही नाही. नापाकीचा संकोच समजण्यासारखा आहे, पण गोठ्याबाहेर, वेगळ्या भांड्यात खाणारा, नमाजच्या जागेपासून लांब ठेवलेला राखणीचा कुत्रा ही सोय शरीयतनेच ठेवलेली आहे. नामिबियात चित्त्यांपासून शेळ्या वाचवण्यासाठी १९९४ पासून शेतकऱ्यांना तुर्कस्तानच्या जातीचे धिप्पाड राखणीचे कुत्रे दिले जातात. पिल्लू लहान असल्यापासून शेळ्यांमध्ये वाढवायचे, म्हणजे ते त्यांनाच आपला कळप मानते. ठेलारी बाबांनीही हेच सांगितले होते, "पिलू आंधयं शे तवयच मेंढीस्मा ठेवानं."

परतताना आम्ही पुन्हा त्या वस्तीवर थांबलो. चाचा आणि मुलगा गोठ्याची भिंत दुरुस्त करत होते. जमिनीखाली दीड हात खोल चर खणून त्यात दगड भरणे चालू होते, म्हणजे उकरून आत शिरता येऊ नये. वर बाभळीच्या काट्यांचा जाड थर. जवळच्या कोणीतरी बिनव्याजी पैसे दिले होते, त्यातून वरखेडीच्या बाजारातून दोन पाठी आणायच्या होत्या. ग्रामसभेसाठी अर्ज आम्ही तिथेच, खाटेवर बसून लिहून दिला: गावाबाहेर मेलेली ढोरे पुरण्यासाठी जागा, कुत्र्यांच्या नसबंदीसाठी आणि लसीसाठी पशुसंवर्धन विभागाला पत्र, आणि उघड्यावर मांसाचा कचरा टाकणाऱ्याला दंड. शेवटच्या मागणीवर चाचा थोडे घुटमळले. कोंबडीचे दुकान त्यांच्या साडूचे होते. मग म्हणाले, "लिहा, सर." आणि अंगठ्याऐवजी हळूहळू, उर्दूत, सही केली.